पेल एलच्या बाटल्या का उसळल्या: एका सामायिक बादलीचं प्रकरण

ऑक्टोबरात बाटलीबंद केलेली एक पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर. दोन आठवड्यांनी उघडली तेव्हा उत्तम होती. सहा आठवड्यांनी उघडली तर झाकण निघताच फेस भसाभस बाहेर आला, अर्धी बाटली टेबलावर सांडली. त्याच आठवड्यात तळघरातल्या खोक्यात एक बाटली आपणहून फुटली. ही बिअर करणारा गडी आमच्यातला सगळ्यात काटेकोर. पाण्यातल्या क्षारांपासून यीस्टच्या तापमानापर्यंत सगळं वहीत लिहिणारा. त्यामुळे ‘साखर जास्त पडली असेल रे’ हे नेहमीचं उत्तर इथे चालण्यासारखं नव्हतं. म्हणूनच प्रकरण मुळापासून तपासावं लागलं.

आधी थोडी माणसांची ओळख. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणारी आमची काही मराठी घरं आहेत. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, ज्याची जी बॅच तयार असेल ती टेबलावर ठेवायची, आणि जी अजून फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) आहे तिचं काय चाललंय ते सांगायचं, असा रिवाज. इथे कुणाचं नाव घेत नाही. आमच्यात तशीही माणसं बिअरवरूनच ओळखली जातात. पेल एलवाला, सेझाँवाला, गव्हाची बिअर करणारे काका आणि स्टाउटवाली ताई एवढे चौघे या प्रकरणापुरते पुरे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा. हे सगळं अमेरिकेत चालतं, कारण कायदा तशी मुभा देतो. इथली दारूबंदी १९३३ मध्ये उठली तेव्हा घरी वाइन करायला परवानगी मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती सवलत यायला १९७८ साल उजाडलं. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून तो लागू झाला. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना दारू गाळणं काय किंवा बिअर आंबवणं काय, दोन्ही गुन्हाच. तेव्हा पुण्यात बसून हे वाचणाऱ्यांनी कुतूहलापुरतं वाचावं.

आता बॅचकडे. पाच गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर. साडेचार किलो फिका टू-रो माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), वर थोडा क्रिस्टल माल्ट. मॅश, म्हणजे दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६७ अंश सेल्सियसला तासभर. हे तापमान मुद्दाम निवडलेलं होतं. याहून खाली, ६३-६४ला मॅश केलं तर माल्टमधलं स्टार्च बरंचसं यीस्टला खाता येईल अशा साखरेत उतरतं आणि बिअर कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली, होते. ६७ला काही साखळ्या लांबच राहतात. यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. साधं एल यीस्ट त्या खाऊ शकत नाही, म्हणून त्या बिअरमध्येच राहतात आणि तिला अंग देतात. हे डेक्स्ट्रिन लक्षात ठेवा.

सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, १.०५४ आली. साखर आंबत जाते तसा हा आकडा उतरतो. यीस्ट नेहमीचं, स्वच्छ चवीचं अमेरिकन एल, कोरड्या पाकिटातलं. तापमान १९ अंश. दहाव्या दिवसापर्यंत ग्रॅव्हिटी १.०१२ वर आली आणि तिथेच थांबली. मग कॅस्केड आणि सेंटेनियल या जातींचे मिळून ५५ ग्रॅम हॉप्स (वास आणि कडवटपणासाठीची वेलीची फुलं) थंड बिअरमध्ये टाकले, चार दिवसांनी पुन्हा मोजलं: १.०१२. आणखी तीन दिवसांनी: १.०१२. तेव्हा त्याने बाटल्या भरायच्या ठरवल्या. मद्यार्क साधारण साडेपाच टक्के.

बाटल्या भरायला त्याने आमच्या गटाची सामायिक बॉटलिंग बादली आणली. पांढऱ्या प्लास्टिकची, खाली नळ असलेली. ती आम्ही वर्गणीतून घेतली होती. ज्याची बॅच तयार असेल तो घेऊन जातो. बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून १२० ग्रॅम कॉर्न शुगर (प्रायमिंगची साखर) पाण्यात उकळून बादलीत ओतली, त्यावर सायफनने बिअर सोडली, नळाला नळी लावून बाटल्या भरल्या, कॅप लावले. एवढ्या साखरेत बिअरमध्ये सुमारे २.४ व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा, म्हणजे एका लिटर बिअरमध्ये २.४ लिटर वायू विरघळलेला. पेल एलला तेवढा अगदी बरोबर.

एक गोष्ट त्याने वहीत सहज म्हणून लिहिली होती आणि पुढे तीच सगळ्यात मोलाची ठरली. बाटल्या भरण्याच्या आदल्या दिवशी त्याला फिलाडेल्फियाला बहिणीकडे काही बाटल्या पाठवायच्या होत्या. तेवढ्यासाठी बादली कुठे आणा, म्हणून त्याने चार बाटल्या थेट फर्मेंटरच्या नळातूनच भरल्या. प्रत्येकीत मोजून साखर टाकली आणि टोपणावर पेनाने खूण केली. पुढे बहिणीने दोनच नेल्या, दोन तळघरातच राहिल्या.

दोन आठवड्यांनी टेबलावर आलेली पेल एल मला अजून आठवते. लिंबूवर्गी वास, स्वच्छ कडवटपणा, फेस शेवटपर्यंत टिकलेला. सगळ्यांनी वाखाणली. काहींनी घरी नेल्या. चौथ्या आठवड्याला कुणीतरी म्हणालं की फेस जरा जास्त येतोय, चव पातळ वाटतेय. तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. सहाव्या आठवड्याला बाटल्या उसळल्या आणि एक फुटली.

तपासाच्या आधी सुरक्षेचं सांगतो, कारण बरेच जण इथेच घोळ घालतात. उसळलेल्या बाटलीतली बिअर ग्लासात घेऊन, ढवळून वायू घालवला आणि ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर सोडला: १.००६. बाटलीत गेली तेव्हा १.०१२ होती. प्रायमिंगची साखर जेवढी वर टाकली तेवढी आंबून संपली असती तरी आकडा १.०१२ च्या आसपासच परतायला हवा होता. म्हणजे बाटलीत सहा पॉइंट (०.००१ म्हणजे एक पॉइंट) जादा आंबले. ढोबळ हिशेब असा की एक पॉइंट घसरला की सुमारे अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो. सहा पॉइंटांचे तीन, आधीचे २.४, एकूण ५.४. खोलीच्या तापमानाला २.४ व्हॉल्यूमच्या बाटलीत हवेच्या दाबापेक्षा पावणेदोन पट जास्त दाब असतो, ५.४ ला तो पाच पटीच्या वर जातो. शँपेनच्या जाड बाटलीला हे झेपतं, साध्या बिअरच्या बाटलीला तीन-साडेतीन व्हॉल्यूमच्या पुढे भरवसा नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे ज्यांच्या घरी बाटल्या गेल्या होत्या त्या सगळ्यांना निरोप: हलवू नका, हात लावायच्या आधी डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड हातमोजे, लांब बाह्यांचा शर्ट, मग टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये. तीन अंशांना वायू बिअरमध्ये जास्त विरघळतो, त्यामुळे दाब निम्म्यावर येतो आणि यीस्टही सुस्तावतं. एकाने विचारलं, ‘दादा, कॅप किंचित उचलून वायू सोडला आणि परत दाबला तर?’ करतात तसं लोक. पण ज्या खोक्यातली एक बाटली आधीच फुटली आहे त्या खोक्यावर वाकून हा उद्योग करायचा नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. तपासापुरत्या काही बाटल्या ठेवून बाकीच्या पुरत्या गार करून बादलीत उघडल्या आणि बिअर ओतून दिली. जीव तुटला, पण दुसरा मार्ग नव्हता.

आता संशयित.

साखर जास्त पडणे हा पहिला. तो वरच्या हिशेबातच निकालात निघाला. साखर जास्त असती तर वायू वाढला असता, पण ग्रॅव्हिटी १.०१२ च्या इतकी खाली गेली नसती. साखर नीट न मिसळल्याने काही बाटल्यांत जास्त आणि काहींत कमी झाली म्हणावं, तर उसळत होत्या सगळ्याच.

दुसरा, आंबवण अर्धवट राहणे. यीस्ट मध्येच थांबतं आणि बाटलीत, जरा उबदार जागी, पुन्हा जागं होतं. नवख्यांच्या बाबतीत हे कारण बहुतेकदा खरं असतं. पण या गड्याने पहिल्याच आठवड्यात थोडी वर्ट (माल्टचा गोड अर्क) वेगळी काढून, त्यात भरपूर यीस्ट टाकून, उबदार ठेवून आंबवली होती. ही बिअर जास्तीत जास्त कुठपर्यंत उतरू शकते हे आधीच कळावं म्हणून. तो नमुना १.०११ वर थांबला होता. म्हणजे या यीस्टला खाण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तिसरा संशयित मात्र तगडा होता. हॉप्स. बऱ्याच जणांना वाटतं की हॉप्समधून फक्त वास आणि कडवटपणा येतो. पण हॉप्समध्ये स्टार्च तोडणारी विकरंही (एन्झाइम्स) असतात. आंबून झालेल्या बिअरमध्ये हॉप्स टाकले की ती विकरं डेक्स्ट्रिनचे तुकडे करतात, यीस्टला नवं खाद्य मिळतं आणि बिअर हळूहळू पुन्हा आंबायला लागते. ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ मध्येच याविषयी लिहिलं होतं. मग ते बरंचसं विस्मरणात गेलं आणि गेल्या दशकात, हॉप्स ओंजळीने टाकायची फॅशन आली तेव्हा पुन्हा चर्चेत आलं. आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी इथेच प्रकरण मिटवून टाकलं होतं. ‘हॉप क्रीप आहे रे, दुसरं काय!’ खरं सांगायचं तर आजकाल कुठलीही बिअर उसळली की हेच निदान करायची सवय लागली आहे. ऐकायला आधुनिक वाटतं आणि दोष कुणाचाच निघत नाही.

चौथा संशयित म्हणजे जिवाणू. लॅक्टोबॅसिलस किंवा पेडिओकॉकस शिरले तर बिअर आंबट व्हायला हवी. पीएच मोजला तर ४.३, बाटली भरताना होता तेवढाच. आंबट चव नाही, दोऱ्यासारखी तार नाही, वर साय नाही. पण स्टाउटवाली ताई एक घोट घेऊन म्हणाली, ‘मला यात लवंग लागतेय. किंवा मिरी. पहिल्या वेळी नव्हती.’ ताईची जीभ आमच्यात प्रमाण मानली जाते. पुन्हा चाखून पाहिलं. होती. अगदी पुसट, पण होती.

या सगळ्या घोळात पेल एलवाल्याला त्या खूण केलेल्या चार बाटल्या आठवल्या. दोन त्याच्याच तळघरात, त्याच खोक्याच्या शेजारी, त्याच तापमानाला. हातमोजे घालून एक उघडली. फुस्स् असा नेहमीचा आवाज, वर बोटभर फेस, बस. ग्रॅव्हिटी १.०११. लवंगेचा मागमूस नाही. बहिणीला फोन करून तिथली एक उघडायला लावली, तीही शांत.

हे कळल्यावर हॉप्सचा संशय गेला. बिअर तीच, हॉप्स तेच, तेवढेच दिवस, यीस्ट तेच, खोली तीच. बाटल्यांची धुलाईही एकाच वेळी, एकाच टबात झालेली. फरक एकच: या चार बाटल्यांना बादली, तिचा नळ आणि सायफन लागलेच नव्हते. जे काही शिरलं ते बाटल्या भरताना शिरलं.

आता यादी फारच छोटी झाली होती. बिअरला आंबट न करता, डेक्स्ट्रिन खाऊन ती कोरडी करणारं आणि लवंग-मिरीची छटा सोडणारं काय असतं? ज्यांनी बेल्जियन धाटणीच्या बिअर केल्या आहेत त्यांच्या तोंडून एकच उत्तर येईल. डायस्टॅटिकस.

हे काही परकं जनावर नाही. बिअर-पाव करणारं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी जे यीस्ट, त्याचाच हा एक उपप्रकार. दोन जुनी जनुकं जोडली जाऊन याच्यात एक नवं जनुक तयार झालं आहे, एसटीए१ नावाचं. त्याच्या जोरावर हे यीस्ट पेशीबाहेर एक विकर सोडतं, आणि ते विकर डेक्स्ट्रिनच्या टोकापासून एकेक ग्लुकोज सोडवत जातं. साधं यीस्ट जिथे ताट बाजूला सारतं तिथे याचं जेवण सुरू होतं. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या अँड्र्यूज आणि गिलिलंड यांनी १९५२ मध्ये, बिअर अति कोरडी करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर लिहिताना याचं वर्णन केलं. मोठ्या ब्रुअऱ्यांनाही याने सोडलेलं नाही. कोलोरॅडोतल्या लाँगमाँटच्या लेफ्ट हँड ब्रुइंगला २०१६ मध्ये याच कारणाने आपली काही बिअर बाजारातून परत बोलवावी लागली होती.

दोन आठवडे सगळं छान आणि मग हळूहळू बिघाड, याचंही उत्तर यातच आहे. बादलीच्या नळातून बाटलीत गेल्या असतील मोजक्या पेशी. शेजारून आणलेलं विरजण चमचाभरच असतं, तसं. आधी त्यांनी सगळ्यांबरोबर प्रायमिंगची साखर खाल्ली, थोड्या वाढल्या, आणि बाकीचं यीस्ट उपाशी राहून तळाला बसलं तेव्हा यांनी विकर सोडून डेक्स्ट्रिनला हात घातला. सगळं संथ गतीने. जी बिअर महिन्याच्या आत पिऊन संपते तिच्यात हे कळतही नाही.

तर्क झाला, पण तर्कावर कुणाला दोषी धरायचं नाही असं ठरलं. तेव्हा घरच्या घरी एक प्रयोग केला. ताई आपली स्टाउट बाटलीत भरत नाही, केगमध्ये (धातूच्या पिंपात) भरते. सामायिक बादलीशी तिचा कधी संबंध आलेला नाही. तिच्याकडून दोन लिटर स्टाउट घेतली. स्टाउट का, तर तिच्यात डेक्स्ट्रिन भरपूर. ती पाव तास उकळली, म्हणजे मद्यार्क बराचसा उडाला आणि यीस्ट मेलं. उडालं तेवढं उकळलेलं पाणी घालून माप पुरं केलं, चिमूटभर यीस्टचं खाद्य टाकलं. ग्रॅव्हिटी १.०२१. चार स्वच्छ बरण्यांत वाटून एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी टोपणं) लावले. पहिलीत काहीच टाकलं नाही. दुसरीत पाकिटातलं अमेरिकन एल यीस्ट. तिसरीत उसळणाऱ्या बाटलीच्या तळाचा साका. चौथीत सेझाँचा साका, कारण ऑगस्टात बादलीतून सेझाँ भरली गेली होती आणि सेझाँवाल्याकडे त्यातली एक बाटली शिल्लक होती. बरण्या उबदार जागी, साधारण २५ अंशांना ठेवल्या.

महिन्याभराने वाचलेले आकडे असे: पहिली १.०२१, जशीच्या तशी. दुसरी १.०२०. तिसरी १.००९. चौथी १.००७.

दुसऱ्या बरणीने दाखवलं की साध्या यीस्टला या स्टाउटमध्ये खाण्यासारखं जवळपास काही नव्हतं. तिसरीतल्या कुणाला तरी भरपूर सापडलं होतं. पेल एलवाल्याने खात्रीसाठी तोच साका एका प्रयोगशाळेत पाठवला. तिथे पीसीआर चाचणी करून एसटीए१ आहे की नाही ते सांगतात. आहे, असं उत्तर आलं. या चाचणीची मर्यादाही सांगायला हवी. जनुक सापडलं म्हणजे पेल एलमधलं डायस्टॅटिकस हे सेझाँमधलंच, असं सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन्हींच्या जनुकांचे ठसे जुळवावे लागतील आणि तेवढा खर्च घरगुती बिअरसाठी कुणी करत नाही. पण सेझाँचं यीस्ट डायस्टॅटिकस जातीचं आहे हे त्याच्या माहितीपत्रकातच छापलेलं होतं.

आणि हे काही लांच्छन नाही. सेझाँ ही बेल्जियमच्या वालोनिया भागातली, मूळची शेतघरांची बिअर. ती चांगली कोरडी, खडखडीत झाली तरच सेझाँ. आमच्या सेझाँवाल्याने ती भर उन्हाळ्यात, २७ अंशांना आंबवली होती, १.००२ पर्यंत उतरली होती आणि मिरी, संत्र्याची साल, जराशी धूळमाती असा तिचा काही वेगळाच थाट होता. त्या वर्षातली आमच्या टेबलावरची ती सर्वोत्तम बिअर होती, हे पेल एलवाल्यानेही कबूल केलं. जे यीस्ट एका बिअरचा प्राण, तेच दुसरीच्या बाटलीत बॉम्ब.

राहिला नळ. सगळ्यांसमोर तो बादलीवरून काढला. बाहेरून लखलखीत. पण हा नळ दोन भागांचा असतो. आतली फिरणारी दांडी जोर लावून बाहेर काढता येते, हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊकच नव्हतं. गरम पाण्यात धरून दांडी ओढली. आत, जिथे प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं तिथे, तपकिरी, बोटाला चिकटणारा थर. वॉशरच्या खालीही तोच. सेझाँवाला म्हणाला, ‘मी तीनदा धुतली होती बादली. स्टार सॅनही फिरवलं होतं.’ खोटं नव्हतं ते. पण स्टार सॅन हे आम्लधर्मी निर्जंतुक द्रव्य स्वच्छ पृष्ठभागावर काम करतं. मळाच्या थराखाली बसलेल्या यीस्टपर्यंत ते पोचत नाही. आधी गरम पाण्यात सोडियम परकार्बोनेटसारखं काहीतरी घालून मळ काढायचा, सुटे भाग सुटेच भिजवायचे, आणि मग निर्जंतुक करायचं. क्रम उलटा झाला, किंवा पहिली पायरी नळाच्या आत गेलीच नाही, की दुसरीला अर्थ उरत नाही.

एक कोडं तेवढ्यात काकांनी टाकलं. ‘अरे, सप्टेंबरात माझी गव्हाची बिअर याच बादलीतून गेली. मग ती का नाही उसळली?’ वही काढली. काकांची बिअर तीन आठवड्यांत संपली होती, आणि तीही बहुतेक फ्रीजमध्येच राहिलेली. शिवाय जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरमध्ये लवंग असायचीच असते; तिथे आणखी थोडी आली तर कोण ओळखणार? काकांच्या फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात एक बाटली निघाली. उघडली. फेस जरा जोरात आला, इतकंच. ग्रॅव्हिटी मोजण्याआधीच ती संपली, त्यामुळे काकांची बॅच बाधित होती की नाही हे आता कधीच कळणार नाही. माझा अंदाज, होती.

यानंतरचा वाद मात्र बिअरपेक्षा कडू झाला. पेल एलवाल्याचं म्हणणं, डायस्टॅटिकस यीस्ट वापरणार असाल तर आधी सांगायला हवं होतं. सेझाँवाल्याचं म्हणणं, टेबलावर बाटली ठेवताना मी यीस्टचं नाव सांगितलं होतं, तुम्ही चवीचं बोलत बसलात. दोघांचंही खरं होतं. कुणीतरी सुचवलं की गटात सेझाँ करायचीच नाही. ही सूचना मला अजिबात पटली नाही आणि सुदैवाने ताईलाही पटली नाही. ‘आपण इथे एकमेकांची बिअर प्यायला येतो की परवाने द्यायला?’ एवढं बोलून तिने तो विषय संपवला. काका नेहमीप्रमाणे मुद्द्यावर आले: बादली वर्गणीतून घेतली, पण ती धुण्याचं काम कुणाकडे दिलंच नव्हतं. प्रत्येक जण परत करताना वरवर धुवायचा आणि पुढचा आणताना असं धरून चालायचा की मागच्याने नीट धुतली असेल.

माझं मत या बाबतीत काकांच्या बाजूने आहे, आणि त्याच्या पुढे एक पाऊल. आम्ही दर महिन्याला कृती सांगत होतो, हॉप्सचे वेळापत्रक सांगत होतो, पाण्यात जिप्सम किती घातलं ते सांगत होतो. बॅच कुठल्या भांड्यांतून गेली हे मात्र कुणी सांगत नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटायचं. एकटा माणूस आपल्याच भांड्यांत बिअर करतो तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटतो. मागच्या वेळी काय आंबवलं हे त्याला माहीत असतं. भांडी चार घरांत फिरायला लागली की हा इतिहास बादलीबरोबर फिरायला हवा.

ठरलं ते असं. बादली, सायफन, नळ्या सगळं बाद. नळ उकळून वाचवता आला असता असं एकाचं म्हणणं होतं, पण नवा नळ काही डॉलरला मिळतो आणि त्या प्लास्टिकला आतून किती ओरखडे आहेत ते दिसत नाही. त्या कंजुषीला अर्थ नव्हता. बिअरला लागणारं मऊ प्लास्टिक आणि रबर यापुढे ज्याचं त्याचं. सामायिक राहील ते धान्य दळायचं यंत्र, वर्ट थंड करायची तांब्याची गुंडाळी, मोठं पातेलं. हे सगळं उकळण्याआधी वापरायचं किंवा उकळत्या वर्टमध्येच बुडवायचं, तिथे कुठलंही यीस्ट टिकत नाही. दळणयंत्राची धूळ तेवढी फर्मेंटरपासून लांब ठेवायची. तिच्यात जिवाणू भरपूर असतात. सेझाँवाल्याने आपल्या संचावर लाल चिकटपट्टी लावली आहे आणि तो आता जाड बाटल्यांतच भरतो.

पेल एलवाल्याने जानेवारीत तीच बिअर पुन्हा केली. तोच माल्ट, तेच ६७ अंश, तेच हॉप्स, नवी बादली. १.०१२ वर बाटलीबंद. त्यातल्या सहा बाटल्या त्याने झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत घालून बॉयलरशेजारी उबदार जागी ठेवल्या आहेत. दर दोन आठवड्यांनी एक उघडून ग्रॅव्हिटी मोजतो आणि आकडा गटाला कळवतो. दहाव्या आठवड्याचा आकडा १.०११ आहे. एक बाटली अजून बाकी आहे.